आरशातला भार

कोसाराने लाकडी पट्टी उत्तरपत्रिकेतल्या एका ओळीखाली ठेवली आणि दुसऱ्या हाताने आपली निळी वही शेजारी ओढली. पत्रिकेत शाईने लिहिले होते : 'आरशातला आपल्या जागीच बसून राहील, असे धरू.' वहीत तेच वाक्य पेन्सिलीने होते. फरक एवढाच, की वहीतल्या वाक्यावर आडवी रेघ मारलेली होती.

तिने शब्दाला शब्द लावून पाहिला. मग उठली, खोलीचे दार आतून लावले आणि पुन्हा येऊन बसली.

चौथा प्रश्न तसा साधाच होता. जमिनीला तारेने जोडलेला एक मोठा धातूचा पत्रा. त्याच्यापासून सहा सेंटिमीटरवर एक लहानसा विद्युतभार. पत्रा त्याला आपल्याकडे ओढतो. तो भार पत्र्यापासून सोडवून अगदी अनंत अंतरावर न्यायचा, तर किती कार्य करावे लागेल? यासाठी एक जुनी युक्ती आहे. पत्रा म्हणजे आरसा आहे असे समजायचे आणि आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर उलट जातीचा एक खोटा भार बसला आहे असे मानायचे. मग पत्र्याला विसरून दोन भारांचे गणित करायचे. पुस्तके त्या खोट्या भाराला 'प्रतिमा' म्हणतात. 'आरशातला' असे कोणत्याच पुस्तकात नाही. तो कोसाराचा स्वतःचा, घरगुती शब्द होता.

खोच पुढे होती. माणूस आरशापासून मागे सरकला की त्याचे प्रतिबिंबही मागे जाते. तसाच खरा भार दूर नेताना आरशातलाही दूर जातो, म्हणून लागणारे कार्य निम्मेच होते. दीड मिलिज्यूल. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी याच टेबलाशी बसून हा प्रश्न रचताना तिचा हात आधी चुकीच्या वाटेने गेला होता. आरशातल्याला तिने जागीच बसवून ठेवले आणि उत्तर आले तीन. वही खणात ठेवून, कुलूप लावून ती घरी गेली. चूक दिसली ती सोमवारी, तेव्हा रेघ मारली.

आता तिहोमीर नावाच्या विद्यार्थ्याचे उत्तर होते तीन. त्यात नवल नव्हते, आणखी एकवीस जणांचे तीन आले होते. पण त्या एकवीस जणांत 'आरशातला' कोणी लिहिले नव्हते. आणि आकृतीत आरशातल्या भाराचे वर्तुळ तुटक रेघांनी काढून त्याला पापण्यांसारख्या पाच बारीक रेघा कोणीच दिल्या नव्हत्या. वहीत पाच होत्या. पत्रिकेतही पाच.

म्हणजे शुक्रवार ते सोमवार या दोन दिवसांत कोणीतरी खण उघडला होता. चुकीचे उत्तर उतरवून घेतले होते, आणि ते चुकीचे आहे हेही त्याला कळले नव्हते.

खणाच्या चाव्या दोनच होत्या. एक तिच्या पर्समध्ये. दुसरी टायपिस्टच्या खोलीतल्या कपाटात.

*

टायपिस्ट स्तामेन्काच्या खोलीत भाजलेल्या मिरच्यांचा वास होता. सप्टेंबरात तो सगळ्या शहरालाच असायचा. अंगणाअंगणातून पत्र्यावर लाल ढोबळ्या मिरच्या पडलेल्या असत, हिवाळ्याची चटणी बरण्यांत भरली जाईपर्यंत बायकांच्या केसांतून तो वास जात नसे. स्तामेन्का यंत्रावर वाकली होती. तिच्या नखांत काळे होते. कार्बनचे की मिरच्यांच्या जळक्या सालींचे, ते कोसाराला सांगता आले नसते. पण ती बघत राहिली.

"स्तामेन्काबाई, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही इथे होतात?"

"होते की. तुमच्याच प्रश्नपत्रिकेची स्टेन्सिल कापत होते. सुट्टीच्या दिवशी. नवऱ्याला विस्तवापाशी बसवून आले, तर निम्म्या मिरच्यांचा कोळसा करून ठेवला त्याने."

"कपाटातल्या चाव्या कुठे होत्या?"

"कपाटात. चाव्या आणखी कुठे असतात?"

"माझ्या खणाचीसुद्धा?"

स्तामेन्काने हात यंत्रावरून उचलून मांडीवर ठेवले.

"काय गेलंय तुमच्या खणातून?"

"गेलं काहीच नाही. तिहोमीर तुमच्याकडे राहतो, असं कानावर आलं."

"राहायचा. दोन वर्षांपूर्वी, हिवाळाभर. आता वसतिगृहात असतो. पोरगं लाकडं फोडून द्यायचं, आवाज म्हणून नाही. गेल्या रविवारी बाजारातून मिरच्यांची दोन पोती उचलून आणून दिली, सोलायलाही बसला." तिने मान वर केली. "आणि सोलताना आम्ही विजेवर नाही बोललो हो. माझ्या जावेवर बोललो. ती वीजच आहे म्हणा, पण तुमच्या परीक्षेत येत नाही."

कोसारा हसली नाही.

"मी फक्त विचारलं, स्तामेन्काबाई."

"एकोणीस वर्षं प्रश्नपत्रिका टाईप करतेय. एकोणीस वर्षं. हे असं नुसतं कोणी विचारलं नव्हतं."

कोसारा दाराशी आली तरी मागे यंत्राचा आवाज सुरू झाला नव्हता. बाहेर येऊन ती भिंतीला लागून क्षणभर उभी राहिली. मागे फोन उचलला जातो का, ते ऐकत होती. फोन उचलला गेला नाही. तेही तिला विचित्र वाटले.

*

ल्युबिंको तिचा सहायक होता. आधी तिचाच विद्यार्थी. समुद्रावरून नुकताच परतला होता, नाकाची साल निघत होती. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले आणि हळूच शीळ घातली.

"बाई, यात विचार कसला करायचा? शिस्त समितीला दोन ओळी लिहा. बाकीचं ते बघतील."

"काय करतील ते?"

"दोन वर्षं परीक्षेला बंदी. पण त्याला दोन वर्षं कशाला लागतायत? चौथ्यांदा बसलाय तो. या खेपेला सुटला नाही, तर ऑक्टोबरात नाव कमी. नाव कमी झालं की वसतिगृह गेलं, आणि पंधरा दिवसांत सैन्याचं बोलावणं. तिथून आला की बापाच्या मागोमाग तांब्याच्या खाणीत." त्याने पत्रिका उलटून गुणांची बेरीज केली. "बाकीचे सेहेचाळीस. चौथ्यात पद्धत बरोबर, उत्तर चूक, म्हणून नियमाने चार. झाले पन्नास. लेखी पास व्हायला बरोब्बर पन्नास! केवढं सोयीचं."

कोसाराच्या मनातही तेच आले होते. पण त्याच्या तोंडून ऐकताना तिला तो फार उतावळा वाटला.

"तू समुद्रावरून परत कधी आलास, ल्युबिंको?"

"ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. का?"

"दुसऱ्या दिवशी, सोमवारी भेटलास तेव्हा बोलला नाहीस."

"बाई," तो पत्रिका खाली ठेवत म्हणाला, "तुम्ही आता मलाही धरणार का?"

टेबलावर विद्यार्थ्यांच्या परीक्षा-पुस्तिकांचा ढीग होता. तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रत्येकाने आपली पुस्तिका आणून ठेवायची, पास झाला तर प्राध्यापक तीत आकडा लिहून सही करणार, नापास झाला तर कोरीच परत मिळणार. तिहोमीरची तिने तळातून ओढून काढली. तिच्या विषयाची ओळ तीन वर्षे कोरी होती.

"बोलाव त्याला."

*

मुलगा उंच होता, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या. तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. विद्यार्थ्यांना अहो-जाहो करायची त्या विभागाची पद्धत होती, आणि रागावताना ती फार उपयोगी पडे.

"बसा. चौथा प्रश्न कसा सोडवलात, सांगा."

त्याने सांगितले. पत्रा, आरसा, आरशातला. अडखळला नाही. पाठ केलेले माणूस असेच न अडखळता सांगते, असे कोसाराला वाटले.

"'आरशातला' हा शब्द कुठून आणलात?"

"आम्ही तसंच म्हणतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आमच्याकडे. शाळेत. पेर्सिदाबाई तसंच म्हणायच्या."

"आणि या पाच रेघा?"

त्याने आपल्याच आकृतीकडे पहिल्यांदा पाहावे तसे पाहिले.

"त्याही अशाच काढतात. त्याशिवाय खरा कुठला आणि आरशातला कुठला ते कळत नाही ना, बाई."

"पाचच का? चार का नाही?"

"माहीत नाही. पाचच काढतात."

ल्युबिंको खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "खाणीच्या गावातल्या शाळेत प्रतिमेची पद्धत शिकवतात होय? मला पहिल्या वर्षाला सुद्धा कळली नव्हती."

"तास संपल्यावर शिकवायच्या. आम्हा तिघांना. त्यांच्याकडे विद्यापीठातली वही होती, त्यातून." त्याने एकदा कोसाराकडे, एकदा ल्युबिंकोकडे पाहिले. टेबलावरची निळी वही, शेजारी आपली पत्रिका, मध्ये पट्टी. त्याच्या मानेवर हळूहळू लाली चढली. "मी कॉपी केली नाही, बाई."

"असं कोणी म्हटलं?"

"मग दार कशाला लावलंय?"

मग कोसाराने विचारले, "ती वही कुठे असते?"

"माझ्या खोलीवर. निघताना त्यांनी मला दिली. पास झाल्यावर परत आणून दे म्हणाल्या. आणू?"

"आणा. ल्युबिंको तुमच्याबरोबर येईल."

मुलाने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. "मी एकटाही आणू शकतो."

"येईल तो."

दोघे गेले. वसतिगृह वीस मिनिटांवर होते, जायला वीस, यायला वीस. कोसाराने खिडकीतून त्यांना अंगण ओलांडताना पाहिले. ल्युबिंको पुढे, मुलगा मागे. फाटकाशी मुलाने ल्युबिंकोला गाठले आणि तो बरोबरीने चालायला लागला. चाळीस मिनिटांत एखादी ओळ नव्याने लिहिता येते का, याचा ती हिशेब करत होती. ल्युबिंको बरोबर असताना नाही येत. पण ल्युबिंकोच सामील असला तर?

दार वाजले. स्तामेन्का आत आली आणि तिने टेबलाच्या कडेला एक लहान पितळी चावी ठेवली.

"ही तुमच्या खणाची. आजपासून माझ्या कपाटात नको."

"स्तामेन्काबाई, नियमाने दुसरी चावी तुमच्याकडे..."

"नियम तुम्ही बघा. पुढच्या खेपेला विचाराल तेव्हा मला 'नाही' म्हणता यायला हवं. आज मला 'कपाटात होती' एवढंच म्हणता आलं." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "पोराने जेवण केलंय का सकाळपासून?"

"मला काय माहीत?"

"तेही तुम्हीच विचारायला हवं होतं," स्तामेन्का म्हणाली आणि दार लोटून गेली.

*

वही वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मुलाने ती ल्युबिंकोच्या हातात दिली नसावी, कारण ल्युबिंको आत आला तोच, "मी हात लावलेला नाही, आधीच सांगतो," असे म्हणाला.

कोसाराने ती घेतली आणि आधी वाचली नाहीच. पाने बोटांनी चाळून पाहिली. कडा पिवळ्या होत्या, शिवणीचा दोरा कुजत आला होता. शाई तपकिरी पडली होती. एका पानावर बोट ओले करून तिने अक्षराच्या शेपटाला लावले. शाई पसरली नाही. ती खरोखरच जुनी होती, निदान वीस वर्षांची, आणि तेवढे कळल्यावरही तिला हायसे वाटले नाही. कोणीतरी फार आधीपासून फसवत आले आहे, असे काहीतरी वाटत राहिले.

"अठ्ठाविसावं पान," मुलगा म्हणाला.

अठ्ठाविसावे पान तिने उघडले.

वर, कोपऱ्यात, गोल आणि मन लावून काढलेल्या अक्षरात होते : 'सराव तास. मार्च १९५७. सहायक रिस्तिच.' खाली पत्रा, आडव्या रेघांनी रंगवलेला. एका बाजूला खरा भार. दुसऱ्या बाजूला तुटक वर्तुळ, त्याला पाच पापण्या. मग ती ओळ. 'आरशातला आपल्या जागीच बसून राहील, असे धरू.' आकडे वेगळे होते, एकके जुनी होती. उत्तर दुप्पट आलेले होते.

समासात पेन्सिलीने, बारीक, जणू कोणी पाहू नये म्हणून लिहिले होते : 'अर्धे? पुढच्या गुरुवारी विचारणे.' आणि त्याखाली, नंतर केव्हातरी दाबून लिहिलेल्या अक्षरात : 'विचारले. फळ्यावर आहे ते लिहून घ्यायचे.'

ल्युबिंको तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता.

"अरेच्चा, खरंच की! म्हणजे इथलीच वही. आणि काय बाई, चूक बघा ना. या पोरीला बसल्या बसल्या कळलं, आणि शिकवणाऱ्याला नाही! कोण होता हा रिस्तिच? गाढवच असणार. काढून टाकला का त्याला नंतर?"

"नाही," कोसारा म्हणाली.

तो गुरुवार तिला आता लख्ख दिसत होता. ती सत्तावीस वर्षांची होती, लग्न व्हायचे होते, विभागात एकटीच बाई. तिच्या तासाला विभागप्रमुख प्रोफेसर न सांगता येत आणि मागच्या बाकावर बसत, बोलत काहीच नसत, फक्त अधूनमधून खिशातले घड्याळ उघडून मिटत. दुसऱ्या रांगेतल्या मुलीने आदल्या गुरुवारचे गणित उघडून हात वर केला होता. जाड काचांचा चष्मा, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. 'बाई, भार सरकला की आरशातलाही सरकणार ना? मग हे अर्धं नको का व्हायला?' मागे घड्याळाचे झाकण वाजले. 'फळ्यावर आहे ते लिहून घ्या,' कोसारा म्हणाली होती, आणि वर्ग हसला होता, मुलीला.

त्या संध्याकाळी खोलीवर, कॉटवर बसून तिने गणित पुन्हा केले. मुलीचे बरोबर होते. पुढच्या गुरुवारी तास सुरू होताच सांगायचे, असे तिने ठरवले. पुढच्या गुरुवारी प्रोफेसर पुन्हा मागच्या बाकावर होते. तिने खडू उचलला आणि चुंबकांचे प्रकरण सुरू केले. एकच तर गणित, कोण लक्षात ठेवतंय, असे तिने स्वतःला सांगितले. आणि खरोखर विसरली. इतकी, की गेल्या महिन्यात तोच प्रश्न तिला नवा म्हणून सुचला, आणि हात त्याच वाटेने गेला.

"बाई?" ल्युबिंको म्हणाला. "मग आता? समिती?"

"समिती कशाला? त्याने कुठून उतरवलं ते कळलं ना तुला? शाळेतून. शाळेत शिकलेलं लिहायला बंदी नाही." तिने वही मिटली. "चौथ्याचे चार. एकूण पन्नास. लेखी पास." आणि मुलाकडे वळून, "तोंडी आत्ताच घेते. चालेल?"

मुलगा अजून उभाच होता. त्याने मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचे काही दिसले नाही. तो तिच्याकडे बारकाईने पाहत होता, जसे ती सकाळपासून त्याच्याकडे पाहत होती.

पुस्तकांच्या कपाटाला काचेची दारे होती. कोसाराने त्याला त्यासमोर उभे केले, काचेपासून हातभर अंतरावर.

"काय दिसतं?"

"मीच."

"मागे सरका. आणखी. आता?"

तो टेबलाला लागेपर्यंत मागे आला. काचेतला उंच मुलगा पुस्तकांमध्ये खोल खोल गेला. त्याने एक पाऊल पुढे टाकले, मग परत मागे. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजू लागला.

"तो जागी बसत नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मग ओढ लवकर कमी होत जाणार. मी जितका लांब, त्याच्या दुप्पट आमच्यातलं अंतर." त्याने पुन्हा काचेकडे पाहिले. "त्याच्यावर आपण काहीच काम करत नाही. तो फुकट जातो. अर्धंच लागेल, बाई. दीड."

"वहीत दुप्पट आहे."

"वहीत चूक आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजाने दचकल्यासारखा थांबला. "पण पेर्सिदाबाईंनी समासात..."

"हो. समासात बरोबर आहे."

तिने पुस्तिका उघडली, तिच्या विषयाच्या कोऱ्या ओळीत दहापैकी आकडा लिहिला, खाली नेहमीसारखी आखूड सही केली, 'को. आंतिच', आणि ती त्याच्यापुढे सरकवली. ल्युबिंको वाकून पाहून पुन्हा शीळ घालणार होता, पण घातली नाही.

"बाई, हे आठ आहेत," मुलगा म्हणाला.

"हो."

"लेखीला पन्नास. तोंडीला एकच प्रश्न, तोही तुम्ही मला ढकलत ढकलत नेलात. याचे सहा होतात."

"गुण कमी करून मागणारा पहिलाच पाहिला," ल्युबिंको म्हणाला. "घे की लेका, पळ आता."

"मला सहाच हवेत. पास व्हायला सहा लागतात, तेवढे माझे आहेत." त्याने पुस्तिका उचलली नव्हती. "सकाळी मी चोर होतो, बाई, आणि आता आठ. मधे काय झालं ते मला कळलेलं नाही. आणि न कळता घेतलेलं मी परत कसं करणार?"

कोसाराने पेन उघडेच धरून ठेवले. पुस्तिकेतला आकडा बदलायचा तर नियम होता. खाडाखोड नाही, एकच आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहायचा, आणि त्याखाली प्राध्यापकाने पदवीवर आहे तसे पूर्ण नाव लिहून सही करायची. आखूड सही चालत नसे. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत तिने हे एकदाही केले नव्हते.

तिने आठावर रेघ मारली. सहा लिहिले. मग खाली सावकाश, अक्षर न अक्षर सुटे काढत लिहिले : कोसारा रिस्तिच-आंतिच.

ल्युबिंकोने ते वाचले. त्याच्या सोललेल्या नाकापासून कानापर्यंत रंग चढला. "मी जरा... कॉफीचं बघतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मुलगा वाचत होता. मग त्याने वहीचे अठ्ठाविसावे पान उघडले, कोपऱ्यातले नाव पाहिले आणि पुन्हा पुस्तिका पाहिली. वही त्याने आधीसारखी वर्तमानपत्रात गुंडाळली, पण गुंडाळताना हात थांबला.

"परत कधी देणार आहेस त्यांना?" कोसाराने विचारले. अहो-जाहो सुटल्याचे तिच्या ध्यानात आले नाही.

"शनिवारी. गावी जाणारच आहे."

"सांग त्यांना. अर्धं, म्हणून. त्यांचं बरोबर होतं, आणि मला त्याच रात्री कळलं होतं. हेही सांग."

"पत्र देता का, बाई? माझ्या तोंडून बरं दिसणार नाही."

"देईन. लिहिते."

तो दाराशी जाऊन वळला.

"हे गणित त्या दर वर्षी घेतात," तो म्हणाला. "आणि या ओळीपाशी आल्या की थांबतात. खडू फळ्याला टेकलेला, आणि नुसत्या उभ्या. मग लिहितात."

"किती वेळ थांबतात?"

"बराच, बाई. मागची मुलं हसायला लागेपर्यंत. आम्हाला वाटायचं, त्या पुढचं विसरल्या."